कृष्णातची पांढरी छत्री

उंब्रजच्या बाजारपेठेत कृष्णातचा फोटो स्टुडिओ आणि माझं फ्रेमचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. त्याचं काम संपलं की माझं सुरू होतं. त्यामुळे त्याच्याबद्दल चार शब्द वाकडे बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी वापरणार.

मुळात हा माणूस हौशी. बाकीचे फोटोग्राफर कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवून समोरच्याच्या तोंडावर भपकन उजेड मारायचे. माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसायचा. कृष्णातने फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, वेगळ्या स्टँडवर चढवला आणि त्याच्यापुढे पांढरी छत्री लावली. कापडातून गाळून आलेला उजेड एका बाजूने गालावर उतरायचा आणि डोळ्यांत छत्रीचा बारीक ठिपका पडायचा. "त्यो ठिपका न्हाई पडला, तर डोळा मेलेला दिसतो गड्या," हे त्याने मला दहादा ऐकवलं असेल. नवरा-नवरी, बारशाची बाळं, सगळ्यांना तो त्या छत्रीसमोर बसवणार होता.

झालं भलतंच. मागच्या गल्लीतला वीरधवल फौजेतून सुट्टीवर आला होता. त्याचा गणवेशातला फोटो कृष्णातने असा काढला की बघणाऱ्याने जागीच थांबावं. चार महिन्यांनी वीरधवल गेल्याची बातमी आली. तोच फोटो चौकाचौकातल्या फ्लेक्सवर लागला आणि लोक विचारू लागले, कुणी काढलाय? तेव्हापासून कृष्णातला फोन यायला लागले ते एकाच कामाचे. घरातलं म्हातारं माणूस थकलं की पोरं बोलवायची. "भिंतीवर लावायला चांगला फोटो पायजे. आधार कार्डावरचा मोठा केला की लय वंगाळ दिसतोय. जरा लवकर या. आन् कशासाठी काढताय त्ये त्यांना सांगू नका."

सांगायची गरजच उरली नाही. दहा वर्षांत आसपासच्या गावांना कळून चुकलं. पांढरी छत्री दारात आली की अंथरुणावरचा माणूस काय ते समजायचा. एक तात्याबा म्हणून होते. छत्री उघडताना बघून ते एवढंच म्हणाले, "आलास व्हय? बरं, माझी टोपी तरी दे." त्या दिवशी कृष्णात माझ्या दुकानात येऊन रडला.

"लग्नाला मला कुणी बोलवत न्हाई रं. अपशकुन म्हणत्यात. मी काय यमाचा माणूस हाय?"

"मग सोडून दे की," मी खेकसलो.

"सोडून काय करू? दुसरं काय येतंय मला?"

मी तरी कुठे सोडत होतो? ते सगळे चेहरे माझ्याच काचेखाली जात होते.

एक नियम मात्र त्याने पाळला होता. छत्री स्वतःच्या घरी न्यायची नाही. घरी त्याची आई, राहीबाई. मागच्या वर्षी मिरजेला तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. नीट पार पडलं, काळजीचं कारण नाही असं सांगून डॉक्टरांनी घरी सोडलं. आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा शहाणा छत्री घेऊन घरी गेला. कापड काडीपाशी उसवलं होतं आणि शिलाई मशीन घरात होतं. आई झोपली असेल असं समजून तो हळूच आत शिरला. आई जागी होती.

सकाळी ती ठेवणीतलं इरकल नेसून खुर्चीत येऊन बसली. "काढ," म्हणाली.

"अगं आये, शिवायला आणली हुती छत्री! तुझी शपथ!"

"डॉक्टरनं तुला बाजूला घिऊन काय सांगितलं, त्ये कळलं मला. लेकाच्या हातनं हुतंय, चांगलंच हाय."

तिने जेवण टाकलं. दोन दिवस पेजेलाही तोंड लावेना. कृष्णात माझ्यापुढे येऊन बसला तेव्हा त्याचंच तोंड उतरलं होतं. मी चिडून म्हणालो, "काढून टाक एकदाचा. तिचं समाधान हुईल."

"काढला तर तिला वाटंल, खरंच आलं. न्हाई काढला तर वाटंल, पोराला धीर हुईना. कुठनं बी मीच मारायचो तिला."

तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यासमोर स्टँड मांडला, छत्री उघडली, कॅमेऱ्यातून बराच वेळ बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "गालफडं बसल्यात आये. माझ्या आईचा असला फोटो भिंतीवर? लोक काय म्हणतील मला? चार घास खा, मग काढू."

राहीबाईंनी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेत म्हणून राहिलं. मग केस विस्कटलेत, मग उजेड बरा नाही. असं करत वर्ष गेलं.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर बाई इरकल नेसून तयार. मलाच साक्षीला धरलं. "बघा वं, गालं भरल्यात का न्हाई?"

भरले होते. खोटं बोलणं मला जमेना. "भरल्यात की."

"मग काढ म्हणावं त्याला."

कृष्णातने छत्री लावली, फ्लॅश एकदा नुसताच पाडून बघितला. शेकडो फोटोंना मी फ्रेम केली आहे, पण असा चेहरा माझ्या काचेखाली कधी आला नव्हता. दोन्ही डोळ्यांत ठिपका, ओठांवर जराशी मिजास. तो कॅमेऱ्यामागे खूप वेळ उभा राहिला. मग स्टँड सरकवायचं निमित्त करून त्याने फ्लॅशचं बटण बंद केलेलं मी पाहिलं. कॅमेरा नुसताच वाजला.

"पेटंना गं आये. दुरुस्तीला द्यायला लागंल."

"मेल्या, दे मग लवकर," म्हणत ती उठली आणि चहा टाकायला गेली.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला गाठलं. "आता तर ठणठणीत हाय ती. आता काढायला काय हुतंय रं तुला?"

"फोटो निघाला की ती निवांत हुईल. निवांत झालेली म्हातारी माणसं मी लय बघितल्यात, म्हैनाबी काढत न्हाईत." त्याने छत्री काखेत घट्ट दाबली. "तिचा एक बी फोटो न्हाई माझ्याकडं. उद्या खरंच काय झालं, तर आधार कार्डावरचाच मोठा करून तुझ्याकडं आणणार हाय मी. फ्रेम तेवढी चांगली कर."