आखाजीच्या आधी घेतलेलं मशीन

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर हयातभर पाण्याच्या मोटारी भरल्या. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटार पुन्हा विहिरीवर पाठवायची. त्यामुळे कॉम्प्युटर या वस्तूला मी कधी घाबरलो नाही. तीही विजेवर चालते, तापते आणि जळते.

आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरातला पहिला कॉम्प्युटर पोराने शिकायला आणला होता. नाशिकला नोकरी लागल्यावर तो घरीच ठेवून गेला. त्यात दोन गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. एकाच कीबोर्डच्या डाव्या टोकाला एकाची बोटं, उजव्या टोकाला दुसऱ्याची. मी तो एका पावसाळ्यात शिकलो. कोणी शिकवलं नाही.

मला जोडीदार मिळाला तो माझा व्याही. धुळ्याला देवपुरात राहणारा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी पोरगी माहेरी यायची आणि तिच्याबरोबर तिचा सासराही यायचा. आमच्याकडे आखाजीला माणसं उघडपणे पत्ते खेळतात, त्या दिवशी कोणी कोणाला नावं ठेवत नाही. आम्हीही पत्तेच खेळायचो. मग गाड्या आल्या आणि पत्ते फडताळात गेले.

गेल्या खेपेला मास्तर जिंकले होते. चष्मा पुसत सगळ्यांसमोर म्हणाले, "व्याही, याला नुसती बोटं चालवून भागत नाही. चार पुस्तकं वाचलेली लागतात."

माझी पोरगी समोर होती, म्हणून मी गप्प बसलो. वर्षभर मात्र ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसत होतं.

आणि यंदा आखाजीला आठ दिवस उरले असताना मशीन जळालं. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी मिणमिणते, कधी उसळते. मी झाकण काढलं आणि वास घेतला. मोटार असती तर संध्याकाळपर्यंत भरून दिली असती. यातली हिरवी पाटी मधोमध काळी पडली होती. तिला हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, थांबा ना. दिवाळीला मी चांगलं बघून आणतो."

"दिवाळीला मास्तर पुण्यात असतील."

खरी गोष्ट ती होती. पोरगी आणि जावई पुण्याला नोकरीला होते आणि जूनमध्ये मास्तरांना कायमचं तिकडे नेणार होते. देवपूरचं घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. ही आखाजी हुकली की त्या वाक्याला उत्तर द्यायची जागाच राहणार नव्हती. ते वाक्य घेऊन मला मरायचं नव्हतं.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "या वयमा गाड्या खेळतस. लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. त्यासले खेळता येस का?" मी म्हटलं आणि खेळाची फ्लॉपी खिशात टाकून निघालो.

जळगावात कॉम्प्युटरची दुकानं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मी गेलो त्या दुकानात चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आत थंड हवा सोडलेली. टाय लावलेला सेल्समन माझ्या मागे दाराकडे बघत राहिला.

"मुलगा गाडी लावतोय का, आबा?"

"मुलगा नाशिकला आहे. मशीन मला घ्यायचंय."

"कशासाठी?"

"गाड्यांची शर्यत खेळायला."

"नातवासाठी म्हणा ना."

"नातू अजून झाला नाही. मी खेळतो."

त्याने मग मान हलवली आणि दुकानातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात वेगवान मशीनसमोर मला बसवलं. नावं सांगितली, आकडे सांगितले. मी म्हटलं, आकडे राहू द्या, ही फ्लॉपी घाला. बैल घेताना माणूस तो जुंपून बघतो. मी मशीन जुंपल्याशिवाय घेणार नव्हतो.

खेळ सुरू झाला. झेंडा पडला आणि माझं बोट खाली येईपर्यंत गाडी रस्ता सोडून झाडांपलीकडे गेली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"बघा काय स्पीड आहे," सेल्समन खुशीत म्हणाला.

"यातला ड्रायव्हर मेला, भाऊ."

त्याने मग खरं सांगितलं. खेळ जुना होता. मशीन जितकं वेगवान तितका तोही धावणार. "नवे खेळ घ्या ना, आबा. एकाहून एक आहेत."

गेल्या वर्षीचं उट्टं नव्या खेळात निघत नाही, हे त्याला कसं सांगणार? त्याला व्याही नव्हता. मी फ्लॉपी काढून घेतली आणि उठलो. चपलेत पाय घालताना गल्ल्याकडे लक्ष गेलं. तिथे बिलं करायचं दुकानाचं स्वतःचं मशीन होतं, धुळीने आणि हातांनी पिवळं पडलेलं. पुढच्या बाजूला लाल आकडे पेटलेले आणि आकड्यांखाली एक बटण.

"ते बटण कशाचं?"

"टर्बो. दाबलं की वेग कमी होतो. पण ते कोणी दाबत नाही."

म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. मी पुन्हा चपला काढल्या. "मला हे दाखवा."

गल्ल्यावर दुकानाचे म्हातारे शेठ बसले होते, मारवाडी, पांढऱ्या कपड्यातले. ते हसले. "आबा, हे विकायचं नाही. तीन वर्षं जुनं आहे."

"मी बासष्ट वर्षांचा आहे. मला काय भंगारात टाकता?"

"तसं नाही. लोक म्हणतील, शेठने अडाणी माणसाच्या गळ्यात जुनं मारलं."

"अडाणी कोण ते नंतर ठरवू. आधी फ्लॉपी घाला."

शेठनी स्वतः फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. लाल आकडा खाली आला. गाडी निघाली ती माझ्या ओळखीच्या चालीने. पहिलं वळण, पूल, दुसरं वळण. शेठ वाकून बघत होते. दुसऱ्या फेरीला त्यांनी उजवीकडच्या कळांवर बोटं ठेवली. मी त्यांना हरवलं, पण ते सोडा.

"आता हे बाहेर काढा," मी म्हटलं.

"बाहेर कशाला?"

"तुमच्या थंड खोलीत कोणतंही मशीन चालेल. माझ्याकडे पत्र्याखाली चाललं पाहिजे."

सेल्समनने कपाळाला हात लावला. पण भर दुपारी, बाहेरच्या ओट्यावर, वायर दारातून ओढून ते मशीन दोन तास चालवलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मी पाठीमागे हात लावून बसलो होतो. मोटार किती तापली तर सोसेल हे माझ्या तळहाताला कळतं. मशीन तापलं, पण थांबलं नाही.

शेठ द्यायला तयार झाले, फक्त त्यांची बिलं नव्या मशीनवर चढवायला त्यांना एक दिवस हवा होता. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर जाऊन बसलो. संध्याकाळी ते पिवळं मशीन रिक्षात मांडीवर घेऊन मेहरूणला आणलं.

आखाजीला मांडे आणि आमरस झाला आणि मास्तर खुर्ची ओढून बसले.

"नवं घेतलं म्हणत होता. हे तर पिवळं पडलंय."

"तुम्हीही पडलात. बोलावलंच ना तुम्हाला?"

बायकोने पोरीला विचारलं, "तू कोनाकडथीन शे?" पोरगी म्हणाली, "मी झोक्याकडून," आणि लिंबाखाली निघून गेली. एकीकडे बाप, दुसरीकडे सासरा. शहाणी पोरगी.

पाच शर्यती ठरल्या. दोन त्यांनी घेतल्या, दोन मी. पाचवीत पुलापर्यंत ते पुढे होते. शेवटच्या वळणावर ते नेहमी बाहेरून जायचे. वर्षभर माझ्या डोक्यात तेच वळण फिरत होतं. मी माझी गाडी आतून घेतली आणि अर्ध्या गाडीने पुढे निघालो.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुस्तकं किती वाचली, व्याही?" ते म्हणाले.

"एकही नाही."

"मशीन तुमचं, घर तुमचं. वेग वाढवा, मग बघू."

मी दाबलेलं बटण पुन्हा दाबून वर सोडलं. झेंडा पडला आणि आम्हा दोघांच्याही गाड्या एकदमच झाडांत गेल्या. वाचलेला आणि न वाचलेला, एकाच झाडावर. मास्तर खोकला येईपर्यंत हसले.

जूनमध्ये ते पुण्याला गेले. दिवाळीच्या सुमारास त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं, मी सावकाश वाचलं. जावयाने नवं मशीन घेतलं आहे, फार वेगवान आहे, त्यावर आपली शर्यत खेळता येत नाही. खाली एक ओळ होती: ते पिवळं मशीन कुणाला देऊ नका.

पुढच्या आखाजीला मास्तर रात्रभर बसमध्ये बसून पुण्याहून मेहरूणला आले. सुनेला माहेरी सोडायला आलो, असं सगळ्यांना सांगत होते. मी सांगू दिलं. मशीनवरचं फडकं काढलं आणि बटण आधीच दाबून ठेवलं.

त्या वर्षी कोण जिंकलं ते लिहायची गरज नाही. हे माझं लिखाण आहे. मास्तरांना सांगायचं असेल तर त्यांनी त्यांचं लिहावं, शिकलेले आहेत.