जाऊ देण्याचा अर्थ

काजवाली मावशी म्हणजे महास्वाभिमानी बाई! कारखान्यात मशीनवर शर्टांना काजं पाडण्यात एकोणीस वर्षं गेली, पण 'एवढं वाचून द्या हो' असं कुणाला म्हटलं असेल तर शपथ. नवरा गेल्यापासून घर त्या एका मशीनवर चाललेलं. नोकरी सुटली की चूल बंद, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून तर लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवसांची रजासुद्धा तिनं रीतसर लेखी मागितली.

सुट्टीच्या दिवशी घरी बसली असताना कारखान्याच्या नव्या मालकांच्या ऑफिसातून फोनवर लेखी निरोप आला. तोही इंग्रजीत! शेजारच्या मास्तरांना विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. बाईसाहेबांनी लेकीची जुनी डिक्शनरी काढली.

"वी हॅव टू लेट यू गो."

लेट म्हणजे उशीर. आपण कधी उशिरा गेलो बाई? मग एकेक अक्षर ताडून पाहिलं. हा लेट वेगळा निघाला. लेट म्हणजे देणे, परवानगी देणे. गो म्हणजे जाणे. तुम्हाला जाऊ द्यायलाच हवं! "देवमाणसं गं बाई," म्हणत तिनं 'थँक यू व्हेरी मच' असं उत्तर धाडलं आणि सकाळी लेकीचं गाव गाठलं.

नवव्या दिवशी, नात झाल्याचं सांगत ती कारखान्यात शिरली, तर तिच्या मशीनवर दुसरीच बाई.

"दादा, ही कोण?"

सुपरवायझर चाचरला. "मावशी, तुम्हाला कामावरून काढलंय ना. निरोप नाही मिळाला?"

"काढलंय? अहो, त्यांनी रजेवर जाऊ दिलंय!"

"रजेचा अर्ज कुणी उघडलासुद्धा नाही. बारा जणींना तोच निरोप गेला. काढायचं असलं की साहेबलोक असंच लिहितात."

मावशीचा संताप संताप झाला. "मेल्यांनो, काढलं तर काढलं म्हणा की! जाऊ देतो म्हणे! मी कुठं जायला निघाले होते?"

"बाकीच्या ऑफिसात जाऊन भांडल्या. पाच जणींना परत घेतलं."

"मग मीही भांडते. चला!"

सुपरवायझर जागचा हलला नाही.

"तुमचं नाही जमायचं, मावशी. तुमचं उत्तर छापून फाइलला लावलंय त्यांनी. बाई राजीखुशीनं गेली, वर आभारही मानले, असं सांगतात सगळ्यांना."