भट्टीची मागची भिंत

खोडाळ्यात आम्हा नऊ जणींचा नागलीच्या बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पीठ मळायचं एक यंत्र आणि विटांची मोठी भट्टी. ही भट्टी भारी खादाड. आत लाकडं पेटवायची, निखारे ओढून काढायचे आणि मग ट्रे सरकवायचे. दिवसाला चार मोळ्या तरी लागत, आणि त्या आम्हीच रानात दोन खेपा करून डोक्यावरून आणत होतो.

मागच्या वर्षी नाशिकहून एक इंजिनीअर बाई आल्या. लहान उद्योगांतलं जळण आणि धूर कमी कसा करायचा, हे त्या बघत फिरत. त्यांच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. ते भट्टीवर रोखायचं की ती किती तापलीय त्याचा आकडा उमटायचा. तासभर त्या चहूबाजूंनी मोजत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तुमची निम्मी उष्णता मागच्या भिंतीतून जाते.”

भट्टी सांभाळणारी आमची आत्या पदरात तोंड लपवून हसायला लागली.

“काय झालं, आत्या?” बाईंनी विचारलं.

“तरीच आपली मांजर त्या भितीमागं निजते! पावसाळाभर तिथून उठत नाय ती!”

बाईंना इतकं हसू आलं की यंत्र बाजूला ठेवावं लागलं. मग त्या आत्याशेजारीच बसल्या आणि विचारू लागल्या, धूर कुठून येतो, दार कुठे वाकलंय, कुठला ट्रे आधी करपतो. आत्या सांगत गेली, बाई लिहीत गेल्या.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही कामाला लागलो. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दुसरी भिंत घातली आणि मधल्या जागेत भाताच्या तुसाची राख ठासून भरली. वाकलेलं दार बाजारातल्या वेल्डरकडून सरळ करून घेतलं.

पहिल्या दिवशी सवयीने नेहमीएवढीच लाकडं घातली. ट्रे बाहेर काढले तर बिस्किटं कोळशासारखी! मला रडूच आलं. आत्याने एक बिस्किट मोडून पाहिलं. “रडतेस काय? भट्टीचं पोट भरलंय, आपण उगा वाढत बसलो.”

दुसऱ्या दिवशी तिने एक मोळी कमी केली, तिसऱ्या दिवशी आणखी एक. बिस्किटं अशी खुसखुशीत झाली की आम्हीच अर्धा ट्रे संपवला. तेव्हापासून दोन मोळ्यांत दिवस निघतो. बाईंनी फोनवर किती कार्बन वाचला ते समजावलं. आत्याला एवढंच कळलं, की रानात आता एकच खेप. तिला ते पुरेसं होतं.

या महिन्यात पोशेरा गावच्या पापडवाल्या बायकांनी तिला त्यांची चूल बघायला बोलावलं. आत्या नवं लुगडं नेसून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसली. तिथे पोहोचल्यावर चहालासुद्धा थांबली नाही. सरळ चुलीपाशी गेली, तिच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, “हं. हिथून जातंय.”