हात पाठीमागे

दवाखान्यात नवा प्रोग्राम आला आणि पाठोपाठ तो शिकवणारी ताई आली. बाई चारचौघींसारखीच, पण एक खोड होती. शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधायची. माउसला बोट लावायचं नाव नाही. "तुम्ही करा, मी बघते," एवढंच. मला वाटलं, हिला स्वतःलाच येत नसणार.

खरी पंचाईत खिडकीवर नावं नोंदवणाऱ्या काकांची झाली. जुन्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात 'नोंद करा' होतं, आता सगळ्यांच्याच स्क्रीनवर तिथे 'रद्द करा' येऊन बसलं. काका पेशंटचं नाव लिहायचे, सवयीने कोपऱ्यात क्लिक करायचे आणि नाव गायब! एक आजी वैतागल्या, "तिसऱ्यांदा नाव सांगतेय. आता माहेरचंही सांगू का?" औषधांच्या काउंटरवर मी पोट धरून हसलो. मोठे डॉक्टर मात्र हसले नाहीत. सोमवारपर्यंत जमलं नाही तर काकांनी गोदाम सांभाळायचं, असं त्यांनी बजावलं. काकांचा चेहरा एवढासा झाला. माणसांत रमणारा माणूस तो, खोक्यांशी काय बोलणार?

ताई दिवसभर काकांच्या मागे उभी राहिली. मग चहा पिताना मला म्हणाली, "काका क्लिक करताना स्क्रीनकडे बघतच नाहीत. पेशंटकडे बघून 'बसा, लगेच बोलावतो' म्हणतात. ही सवय मी मोडणार नाही. बटणच हलवायला लावते."

"एवढं कशाला? हात धरून शिकवा की," मी शहाणपणा केला.

"आईला मोबाइल शिकवताना मी तो सारखा तिच्या हातातून ओढून घ्यायचे. ती शिकली नाहीच, वर मोबाइलला घाबरायला लागली. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून हात मागे."

कंपनीशी फोनवर हुज्जत घालून तिने बटणांची अदलाबदल करून घेतली. शनिवारी सगळ्यांना तसं सांगितलंही. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

सोमवारी मोठे डॉक्टर काकांच्या मागे येऊन उभे राहिले. काकांनी नाव लिहिलं, वर बघून हसले, कोपऱ्यात क्लिक केलं. नोंद झाली! रांग भराभर सरकली आणि माझ्या काउंटरवर येऊन तुंबली. आठवडाभर घोकून मी बटणाची जी जागा पाठ केली होती, तिथे आता 'रद्द करा' होतं. समोर त्याच आजी. "औषधालाही माहेर लागतं का रे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "गोदामाची किल्ली कुणाकडे आहे?"

मी घाबरून मागे वळलो. ताई उभी होती, हात पाठीमागे बांधून.

"तुम्ही करा, मी बघते."