एवढासाच कप

आमच्या घरात चहाचं पाणी कपानं मोजतात. बाहेर किती माणसं बसली आहेत ते आई दारातून बघते आणि तेवढे कप पाणी पातेल्यात ओतते. त्यात घरातलं एक माणूस कायम जास्तीचं धरलेलं असतं, कारण आलेल्याला एकट्यानं चहा प्यायला लावणं आमच्याकडे बरं दिसत नाही. ते माणूस म्हणजे आबा, माझे वडील.

गेल्या वर्षी आबांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आता आठवड्यातून दोनदा त्यांना गावाहून कोल्हापूरला डायलिसिसला न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, पाणी, आमटी, चहा सगळं धरून दिवसाला पाऊण लिटर. त्याहून जास्त झालं तर ते बाहेर पडायला वाट नाही. आधी पाय सुजतील, मग पाणी छातीत भरेल. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, कारण आबांनी आत शिरतानाच ‘पोरगी बी.एस्सी.ला हाय’ असं सांगून टाकलं होतं. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. डॉक्टरांचं बोलणं मला निम्मंच कळलं होतं. तरी मी मान हलवली.

पाऊण लिटर म्हणजे आपले किती कप, हे मला काही सुचेना. शेवटी घरातला कप टॉवेलात गुंडाळून कोल्हापूरला कॉलेजात नेला आणि प्रयोगशाळेतल्या मोजपात्रानं मोजला. काठोकाठ भरल्यावर जवळजवळ दोनशे मिली भरला. तिथले शिपाईमामा म्हणाले, “हितं चा करायला लागलीस व्हय गं?” मैत्रिणी हसल्या. त्याच संध्याकाळी मी महाद्वार रोडला तीन-चार दुकानं फिरून टपरीवर असतात तसले अर्धा डझन छोटे कप आणले. तेही मोजले. पासष्ट मिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढा हिशेब बसत होता.

आबांनी कप उलटासुलटा करून बघितला. “हे काय? भातुकलीतला आणलास व्हय?”

“खोकल्याच्या औषधाला बरा हाय,” आई म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असू.

दोन डायलिसिसच्या मधे जेवढं वजन वाढतं तेवढं पाणी अंगात साठलेलं असतं. कप बदलल्यावर वजन कमी वाढेल अशी माझी खात्री होती. पहिल्या आठवड्यात ते जास्तच वाढलं. दुसऱ्या आठवड्यात त्याहून जास्त. मशीन लावणाऱ्यानं काट्याकडे बघितलं, परत एकदा आबांना उतरवून चढवलं.

“मामा, विहीर प्यालासा काय?”

“पाणी न्हाई ओ. नुस्ता चा. त्यो बी एवढ्याशा कपात,” आबांनी दोन बोटांत माप धरून दाखवलं. “पोरीनं मोजून आणलाय की.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचा कागद वाचत राहिले. परत येताना आबा एस.टी.त खिडकीशी बसून तोंड उघडं ठेवून वारा घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि आतल्या खोलीत वही घेऊन बसले. सात वाजता डेअरीला दूध घालून परतणारे दोघे तब्येत विचारायला आले. चहा आला.

“घ्या की आमच्याबरोबर.”

“घेतो की. एवढासाच हाय,” आबा म्हणाले.

मग आणखी दोघे वेगवेगळे आले, मग वरच्या आळीतले तिघे एकामागून एक. प्रत्येकाबरोबर एक कप आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य. अकरा वाजेपर्यंत मी सहा कप मोजले. मला आठवलं, मोठा कप होता तेव्हा आबा त्याच्यावर तळहात ठेवायचे आणि ‘नको, लई हुतंय’ म्हणायचे. त्या कपाची त्यांना भीती होती. ती भीतीच मी काढून घेतली होती.

“तू देतीस तरी कशी?” मी आईला विचारलं.

तिचा चेहरा उतरला. “तूच आणलास न्हवं कप? मला वाटलं, ह्या कपातला चालतोय.”

मी आबांच्या पायाजवळ बसले आणि घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. तो भरून यायची वाट बघत मी बसून राहिले.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. आईनं पातेलं ठेवलं. मी म्हणाले, “एकाच कपाचं पाणी टाक.” आबांनी ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. काकूंपुढं एकटा कप आला तेव्हा त्या अवघडल्या. मी सगळं सांगितलं.

“खरं हाय बाई तुझं,” त्या म्हणाल्या. काकूंचा स्वभाव मदतीचा. “मग असं करू की. उद्यापासनं आल्यागेल्याचा चा मी माझ्यातनं किटलीतनं आणून देतो. तुमच्यात चाची चूलच पेटवू नगासा.”

पदराला हात पुसता पुसता आई थांबली. आमच्या गल्लीत शेजारच्या घरातून चहाची किटली एकाच प्रसंगी येते. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून.

“किटली नगो,” आई म्हणाली.

काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. “तसं न्हवं गं वैनी, माझ्या मनात तसं...”

“असू दे की,” आबा म्हणाले, “चांगल्या मनानं बोलल्या त्या, एवढं काय...” आणि मधेच थांबले. वाक्य पुरं करायला त्यांना दम पुरला नव्हता. त्यांनी खाटेची कड धरली, दोनदा श्वास घेतला, आणि मग म्हणाले, “...मनाला लावून घ्यायचं.”

काकूंचा चहा तसाच होता. आम्ही तिघी आबांच्या छातीकडे बघत होतो.