टचपॅडला लागलेलं बोट

"माऊस टेबलार दवर," सुपरवायझर म्हणाला.

माझ्या हातातून त्याने माऊस घेतला नाही. मी टेबलावर ठेवला, मग त्याने उचलून लॅपटॉपला जोडला. पाळी गावात, खनिजाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर माझा तो पहिला दिवस. लॅपटॉपला मी हात लावायचा नाही. माझा माऊस वेगळा, कीबोर्ड वेगळा. हा नियम फक्त मला. आमचं आडनाव त्याने अर्जावर वाचलं होतं.

वर्षभर सोसलं. आई म्हणायची, "गप ऱ्हव गो, काम जायत." मी गप्प राहिले. त्याची आजही लाज वाटते.

एका सकाळी स्क्रीनवरचा बाण हलेना. माऊस जोडलेला, पण मशीनला तो दिसेचना. सुपरवायझर बाहेर फोनवर. काट्यावर ट्रक उभा, मागे रांग, हॉर्नवर हॉर्न. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई, किती वेळ तोंड बघत बसू? वायर उपटली, दुसऱ्या पोर्टमध्ये घातली. काही नाही. मग सरळ टचपॅडवर बोट ठेवलं. डिव्हाइस मॅनेजर उघडलं, माऊसची जुनी नोंद काढून टाकली, मशीनला पुन्हा शोधायला लावलं. माऊसचा लाल दिवा लागला. बाण हलला. मला हसू आलं.

तेवढ्यात तो आत आला.

"कोणी सांगल्यान तुका हात लावूक? बाटयलंस तां."

आणि त्याने लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं. वरून दाबून धरलं. नख फाटलं. बटणांवर रक्त. दारातले दोन ट्रकवाले नुसते बघत राहिले. मी हात ओढून काढला, तर हा सॅनिटायझरने टचपॅड पुसायला लागला.

माझं डोकं फिरलं. त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. चष्मा उडाला.

"आता जा नि न्हा," मी म्हटलं.

तक्रार द्यायला पोलीस चौकीत पोचले तर तो आधीच बसलेला, मी मारल्याची तक्रार घेऊन. आईलाही कोणीतरी बोलावलेलं. "माफी माग गो बाय," ती रडत म्हणाली.

मी हवालदाराला म्हटलं, "होय, मारलंय. तांव लिवा. पण आधी ह्येनी वर्षभर काय केल्यान, तां लिवा. माझी जात लिवा. ह्येचीव लिवा."

दोन्ही तक्रारी नोंदल्या गेल्या. नोकरी गेली. जाऊ दे. खटला चालेल तितकी वर्षं मी प्रत्येक तारखेला उभी राहणार. समझोता नाही. आणि पुन्हा कोणी माझा हात असा चेचला, तर पुन्हा मारणार.