बाहेरच्यांची तारीख

१९५७ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि जन्मात पहिल्यांदा मला कोणी बाहेरचा म्हटलं. तेही नागपुरात.

धाकटी बहीण त्या साली मॅट्रिक झाली. आमच्या पांढुर्ण्यात तेव्हा पोरींना एवढं कोणी शिकवत नसे. मी स्वतः चौथीतून उठलो आणि संत्र्याच्या बागेत गेलो, त्याची मला लाज नाही. पण हिला कॉलेज हवं होतं. वडिलांनी एकच अट घातली: "नागपूरले मामाकडं राहून शिकत असशील तर शीक. नंबर नाही लागला तर दिवाळीनंतर लगन." जवळच्या रामाकोना गावचा मुलगा पाहूनही ठेवला होता.

मामा स्वतः फॉर्म घेऊन आले. बहिणीने तो सुंदर अक्षरात भरला. वर शेवटची तारीख छापलेली होती. पोस्टाने टाकू, असं ती म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. आमच्या घरची रीत होती, संत्री असोत की कागद, नागपूरला आपण स्वतः न्यायचं. तारखेला अजून दोन दिवस होते. सकाळच्या गाडीनं गेलो.

कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने पत्ता वाचला आणि फॉर्म परत सरकवला.

"हा तुमचा फॉर्म नाही. हा इथल्यांचा. बाहेरच्यांचा वेगळा असतो. त्याची तारीख मागेच गेली."

"कोण बाहेरचे?"

"तुम्ही. पांढुर्णा मध्यप्रदेशात, आणि नागपूर आता मुंबई राज्यात."

माझं डोकं फिरलं. "माझी आजी इथली, बायको इथली. दर हंगामाले माझी संत्री तुमच्याच बाजारात येतात. अन् मी कोणत्या भाषेत बोलून राहिलो तुमच्यासंग? सांगा ना!"

रांगेतलं कोणीतरी खी खी करून हसलं. कारकून म्हणाला, "भाऊ, रेघ मी नाही ओढली."

"मग ज्यानं ओढली त्याले बसवा या खिडकीत!"

त्यानं बसल्या जागी समजावलं. इथल्यांचा एक फॉर्म, बाहेरच्यांचा एक. बाहेरच्यांच्या जागा थोड्या, त्या भरल्या. "तुम्ही जबलपूरले टाका. तिथं तुम्ही घरचे."

जबलपुरात मी कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतो, आणि तिथं मी घरचा!

आदल्या साली राज्यांची नवी रेघ ओढली, नागपूर आमच्या राज्यातून गेलं आणि आमची राजधानी तिथून भोपाळला गेली, तेव्हा आम्ही म्हटलं होतं, जाऊ द्या. गाडी तीच, बाजार तोच, मामाही तेच. ती रेघ एका पोरीच्या अर्जावरून जाते हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? भोपाळवाल्यांनी नाही, नागपूरवाल्यांनी नाही, मुंबईवाल्यांना तर आम्ही आहोत हेही ठाऊक नसेल. शाळेच्या भिंतीवर एक कागद चिकटवायला कोणाचे हात दुखत होते? त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. वडील सुपारी कातरत होते. म्हणाले, "झालं मग. सकाळी रामाकोन्याले निरोप धाडतो."

बहीण रडली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. "दादा, जबलपूरची तारीख कधी आहे?"

"नाही विचारली."

"भांडायले वेळ भेटला, अन् विचारायले नाही?"

या घरात माझ्याशी असं बोलायची हिंमत फक्त तिचीच होती. मी तिच्यावर ओरडणार होतो. पण वडीलच मधे बोलले, "जबलपुरात आपलं कोण आहे? पोरगी राहणार कुठं?"

"नागपुरात तरी कोण आहे आता आपलं?" मी म्हटलं. "तिथं बाहेरचे, अन् इथं आपल्याच राज्यात जायचं तर भ्यायचं?"

"तू चौथी शिकला. तुले काय समजते कॉलेजातलं?"

"तिले समजते. मी नुसता संगं जातो."

वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला आणि जेवण न करता उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बागेत गेलो नाही. रामाकोन्याचा निरोप निघायच्या आत बहिणीला घेऊन स्टेशन गाठलं, जबलपूरची दोन तिकिटं काढली आणि नागपूरच्या उलट दिशेला, इटारसीकडं जाणाऱ्या गाडीत चढलो.